बुडून मेलेले मासे

१९८२ साल. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होतो, आणि माशांबद्दल मला काही शिकवील असा माणूस अख्ख्या भिलाईत नाही, असं समजून चालत होतो.

समजायला कारण होतं. आम्ही वैनगंगेकाठचे ढिवर. शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो, तेही आमचं जाळं वाळत पडलं असेल त्या दिवशी. पण पाण्यावर बुडबुडा उठला तर खाली रोहू आहे की मरळ, हे मी दहाव्या वर्षी सांगत होतो. अठराव्या वर्षी भिलाईला आलो, कारखाना उभा होत होता तेव्हा, आणि खलाशी म्हणून लागलो. हा खलाशी पाण्यातला नाही. जड लोखंडाला साखळी नि तारेचा दोर आवळून क्रेनच्या आकड्याला लावतो, त्याला तिथं खलाशी म्हणतात. लोखंड उचलण्यात माझी उमर गेली आणि एक दिवस मी लेट झालो नाही, हे आजही छाती काढून सांगतो. पण तू कोण असं कोणी विचारलं, तर मी खलाशी सांगत नव्हतो. ढिवर सांगत होतो.

खुर्सीपारला आमची एक खोली. तिच्या मागून शेतं ओलांडून सायकलीने अर्ध्या तासावर एक गाव होतं, आणि त्या गावाला मोठं तळं. छत्तीसगडी माणूस त्याला तरिया म्हणतो. पाळीवर, म्हणजे काठाच्या बांधावर, पिंपळ, एका अंगाला बायांचा घाट, दुसऱ्या अंगाला ढोरं धुवायची जागा. एका सुट्टीच्या दिवशी तिथं एक केवट फेकजाळं टाकून राहिला होता. केवट म्हणजे तिकडचे ढिवरच. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, अंगाने काडी, आणि तोंडातून शब्द काढायला महागडा. मी पाळीवरून म्हटलं, "डाव्या खांद्यावरून सोड, गोल पडते." त्याने वर पाहिलं, जाळं पिळलं आणि माझ्या हातात आणून दिलं. मी टाकलं. थाळीसारखं गोल पडलं आणि आत काहीच नाही. मग त्याने टाकलं. वेडंवाकडं पडलं, आणि आत चार रोहू. तो हसला नाही. म्हणूनच मला आवडला.

दोन वर्षांनी आम्ही महाप्रसाद झालो. ही त्या मुलखातली रीत. जगन्नाथपुरीहून आणलेल्या सुक्या भाताचे दाणे चार लोकांसमोर एकमेकांच्या तोंडात घालायचे, नारळ नि धोतर बदलायचं, आणि त्या दिवसापासून ते दोघं सख्ख्या भावाहून जवळचे. त्याच्या घरी मयत झाली तर आपल्याला सुतक. आणि एक नेम असा, की जन्मभर एकमेकांचं नाव तोंडातून काढायचं नाही. हाक मारायची ती 'महाप्रसाद' म्हणून. भेटला की "सीताराम महापरसाद". आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, त्याहून हा नेम कडक. बायको उखाण्यात तरी घेते.

म्हणून त्याचं नाव मी इथंही लिहिणार नाही. एकदा घेतलं, तेवढं पुरे झालं.

पंचायतीने तळं तीन वर्षांच्या ठेक्याने दिलं ते आम्हा दोघांना. कागदावर माझी सही, त्याचा अंगठा. पहिल्या उन्हाळ्यात पाणी कमी झालं तेव्हा त्याने तळ्यात मोहाची ढेप टाकली. मोहाच्या बियांचं तेल काढल्यावर जो चोथा उरतो, ती ढेप. माशांना ती विष. तळ्यात दडलेले मरळ, मांगूर हे लहान मासे खाणारे चोर असतात, ते आधी मारून काढावे लागतात, त्यासाठी ती टाकतात. पंधरा-वीस दिवसांनी तिचा जोर जातो. मग पाऊस लागल्यावर आम्ही रोहू, कतला, मिरगल यांचं बोटाएवढं बीज सोडलं. मांगूर काही हटत नाही, पावसात ओल्या गवतातून सरपटत पुन्हा आलाच. पण थोडा.

पुढच्या वर्षीच्या कुवारापर्यंत, म्हणजे आपल्या अश्विनापर्यंत, आमचा कतला हाताएवढा झाला. मला हाव सुटली. पैशाची म्हणाल तर तेवढी नाही. मी कारखान्यात माझ्या सगळ्या शॉपला, म्हणजे आमच्या खात्याला, सांगून ठेवलं होतं की दिवाळीच्या आठ दिवस आधी जाळं ओढणार, भिलाईतल्या पावर हाउसच्या बाजारात माझे मासे दिसतील, आणि तेवीस वर्षं तुम्ही ज्याला 'ए खलासी' म्हणून हाक मारली तो कोण आहे हे तुम्हाला तेव्हा कळेल. मासा अजून मोठा पाहिजे होता. म्हणून मी बैलगाडीने शेण आणून टाकलं. राइस मिलमधून कोंडा आणला, शेंगदाण्याची ढेप आणली. पाणी हिरवंगार झालं, वाटाण्याच्या रश्श्यासारखं. मला वाटलं, वा.

महाप्रसाद दोन वेळा म्हणाला, बस कर. मी म्हटलं, "वैनगंगेत पुरासंगं काय काय वाहून येते, ते कोण मोजते? तिचे मासे काय मरते?"

मग आभाळ आलं. पाऊस नाही, वारा नाही, नुसतं झाकण घातल्यासारखं. चार दिवस. माझी रातपाळी चालू होती. तिसऱ्या दिवशी सकाळी पाळी संपवून सरळ तळ्यावर गेलो, तर अख्ख्या तळ्यावर तोंडंच तोंडं. गोल गोल तोंडं पाण्याच्या वर काढून मासे उघडझाप करून राहिले होते. मला एवढा आनंद झाला की सायकल पाळीवर आडवी टाकली. नदीत मासा वर आला तर खायला येतो. मला तेवढंच ठाऊक होतं. मी कोंड्याचं पोतं सोडलं आणि रोजच्या दुप्पट टाकला.

महाप्रसाद घाटावरून धावत आला. "ए मन भूखे नइ हें, महापरसाद. साँस बर मुँह निकालत हें. चारा झन डार." म्हणजे हे भुकेले नाहीत, श्वासासाठी तोंड काढतात, चारा टाकू नको.

"माशाले श्वास?" मी म्हटलं. "मंग त्याईले खाट टाकून दे पाळीवर. पंखा लाव."

तो घाटाकडे पाहत, जरा मोठ्यानेच बोलला. "नदिया के मनखे अस. तरिया ल का जानबे?"

नदीचा माणूस तू, तळ्यातलं तुला काय कळणार. घाटावर पाच-सात बाया धुणं धूत होत्या, त्या हसल्या. एक म्हातारी तर कपडा सोडून हसली. मी उरलेला कोंडाही ओतला. पोतं झटकून ओतलं.

त्याचं ते वाक्य मी दिवसभर चघळलं. रात्री कामावर साखळी आवळतानाही तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तळ्यावर पोहोचलो. लांबूनच पाणी पांढरं दिसलं. मला वाटलं, धुकं आहे. जवळ गेलो तर पोटं. उताणे, आडवे, कल्ले फाकलेले, तोंड वासलेले. मोठा कतला सगळा गेला होता. रोहू अर्धा गेला होता, अर्धा काठाशी येऊन लोळत होता. आणि तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात माझा महाप्रसाद उभा. हातात लांब बांबू, आणि तो पाणी झोडपून राहिला होता, भूत लागल्यासारखा. पाळीवर एक रिकामं पोतं पडलेलं. मी ते उचलून नाकाला लावलं. मोहाच्या ढेपेचा वास.

तेवढ्यावर माझं सगळं ठरलं. काल टोमणा, आज पोतं, आणि हा पाण्यात ढवळून राहिला. मी त्याला एक शब्द विचारला नाही. तो पाण्यातून ओरडला, "बाँस धर, महापरसाद! आ न!" पिंपळाखाली दुसरा बांबू पडला होता. मी तो उचलला नाही. पोतं घेऊन उभा राहिलो, पुरावा म्हणून.

एवढं मात्र केलं, की आधी कारखान्याच्या नाल्याकडे गेलो. सगळे तेच म्हणत होते, नाल्याचं पाणी आलं असेल. नाला तळ्याच्या खालून जातो, पाणी वर कसं चढेल? तरी पाहिलं. नाल्यात बारके मासे मजेत फिरत होते. म्हणजे कारखाना सुटला. आता उरला एकच.

दुपारी गावाच्या गुडीवर बैठक बसली. गुडी म्हणजे गावाच्या मधोमध बसायचा ओटा, गावाचे सगळे निवाडे तिथंच. ज्याला जे सुचेल ते तो सांगत होता. एक म्हणाला, वीज पाण्यात पडली. दुसरा म्हणाला, वीज पडली तर तुझी म्हैस तिथंच बसली होती, ती कशी नाही मेली? तिसरा म्हणाला, वरच्या धानाच्या शेतातलं औषध वाहून आलं. पण चार दिवस पाऊस नव्हता, वाहणार कशाने? कोणी म्हणालं, गणपती-दुर्गा पाण्यात शिरवल्या त्यांचा रंग. एक डोकरा म्हणाला, तळ्याच्या देवीला यंदा कोंबडा दिला नाही. त्यावर कोणीतरी म्हणालं, "दादा, देवीने एवढे मासे खाल्ले, आता कोंबडा कुठं ठेवील?" लोक हसले. आणि हसत हसत घरी नेलेल्या मेलेल्या माशांच्या टोपल्या मोजत होते. ताजेच होते ना.

महाप्रसाद खाली बसला होता. दोन्ही हात ओल्या पंच्यात गुंडाळून काखेत दाबलेले. मी मनात म्हटलं, पाहा, हात लपवून राहिला.

सरपंचाने मला विचारलं, तुमचा कोणावर शक आहे?

मी उभा राहिलो. 'महाप्रसादावर' असं म्हटलं असतं तरी सगळ्यांना समजलं असतं. मी तसं म्हटलं नाही. मी त्याचं नाव घेतलं. बापाच्या नावासकट, जातीसकट, ठाण्यात लिहून देतात तसं. मग पोतं ओट्यावर फेकलं आणि म्हटलं, वास घ्या.

गुडीवर जे बोलत होते ते गप झाले. मासे मेल्याचं त्यांना एवढं वाटलं नव्हतं. एका बाईने कानावर हात ठेवले. महाप्रसादाने माझ्याकडे पाहिलं. काही बोलेल असं वाटलं. पण महाप्रसादाशी चारचौघांत तंटा करायचा नाही, हाही नेमच आहे. त्याने तो पाळला. सरपंचाने दोनदा विचारलं, तुला काही सांगायचं आहे का? त्याने मान हलवली, नाही.

निवाडा असा झाला, की त्याने तळ्यात पाय टाकायचा नाही. तेवढाच. पण गावात शिक्षा सांगतात तेवढीच राहत नाही.

त्या संध्याकाळी मी घरी दोन मांगूर नेले होते. मेलेले मासे काठावरून ओढताना चिखलात हाताला लागले. जिवंत, चांगले वळवळणारे. माझ्या बायकोने राख लावून धरले, साफ केले, रस्सा केला. ताट वाढता वाढता म्हणाली, "अवो, एक इचारू?"

"काय?"

"तळ्यात इख होतं म्हनता. मंग हे दोघं जिते कसे?"

"तू आपली भाकर वाढ."

"मी भाकर वाढूनच राहिली. मोहाच्या ढेपेनं मांगूर पयले मरते, हे तुमीच मले सांगतलं होतं."

"तुले काय समजते त्यातलं?"

मी दोन्ही मांगूर खाल्ले. चव लागली नाही, पण टाकले नाहीत.

कारखान्यात मी तोंड लपवून जाणाऱ्यांतला नाही. ताठ गेलो. माझ्याच गँगचा एक मराठी, वर्ध्याकडचा, चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर म्हणाला, "कारे ढिवरा, मासे तुझे बुडून मेले म्हनते ना!" सगळी टपरी हसली. मी त्याच्याशी सहा महिने बोललो नाही. पण ते वाक्य शॉपभर फिरलं. क्रेनवाला वरून ओरडायचा, "सँभाल के, पानी में मत गिर जाना, डूब जाएगा!"

केवटाच्या बाया मुरमुरे फोडतात, गरम वाळूत. माझ्या महाप्रसादाच्या बायकोचा मुरमुरा त्या गावात सगळ्यांच्या घरी जायचा. बैठकीनंतर कोणी घेईना. ज्या हाताने पाण्यात विष टाकलं, त्या घरचं कोण खाईल? लेकरांच्या तोंडात कोण घालील? मग ती टोपली डोक्यावर घेऊन खुर्सीपारच्या आठवडी बाजारात यायला लागली. मी तिला एकदा पाहिलं. दिवस मावळायला आला होता आणि टोपली तशीच भरलेली. तिनेही मला पाहिलं. पदर पुढे ओढून घेतला. सहा वर्षं ती मला पाहिल्यावर उठून उभी राहत होती, "सीताराम महापरसाद" म्हणत होती. मी जवळच्या दुकानात शिरलो आणि मला नको असलेला साबण घेतला.

तरी मी हटलो नाही. मनाला सांगत होतो, केलं त्याने, भोगू दे.

वीसेक दिवसांनी दुर्गहून मासेखात्याचा एक तरुण साहेब आला. आमचाच माणूस निघाला, दुर्गला दोन पिढ्या राहिलेलं मराठी घर, पद्मनाभपुर मोहल्ल्यात. स्कूटरवर काचेच्या बाटल्या बांधून आला होता. मला 'काका' म्हणाला. तळ्याच्या पाळीवर आम्ही दोघंच होतो. त्याने बाटलीत पाणी घेतलं, पण म्हणाला, आता याच्यातून काही कळायचं नाही, उशीर झाला. तुम्हीच सांगा. आणि एकेक विचारत गेला.

"मासे कोणत्या वेळेला मेले?"

"पहाटे. मी आलो तवा मेले होते."

"आधी मोठे की आधी लहान?"

"मोठे."

"तोंड उघडं होतं? कल्ले फाकलेले?"

"हो."

"त्याच्या आधी दोन-चार दिवस आभाळ होतं? वारा बंद?"

"हो."

"आदल्या दिवशी वर येऊन तोंड काढत होते?"

मी पाण्याकडे पाहिलं. मग म्हटलं, हो.

"तुम्ही काय केलं?"

"चारा टाकला."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, ही त्याची भलाई. चपलेच्या टोकाने पाळीवरची माती उकरत बोलला. "काका, हे हिरवं पाणी आहे ना, ते हिरवं जितं असतं. दिवसा ऊन मिळालं की पाण्यात श्वास सोडतं, रात्री तेच श्वास ओढून घेतं. चार दिवस ऊन नाही, म्हणजे सोडणं बंद, ओढणं चालू. वरून शेण नि कोंडा तळाशी सडतो, तोही श्वास खातो. पहाटेपर्यंत पाण्यात काही उरत नाही. मोठ्या माशाला जास्त लागतो, तो आधी जातो."

"कोणी इख टाकलं असंन तर?"

"वाचलं कोण कोण?"

"मांगूर. मरळ. बेडूक."

"मग विष कसलं?" तो म्हणाला. "मांगूर-मरळ वरची हवा ओढतात, म्हणून ते वाचले. मोहाची ढेप असती तर... ती तर आपण त्यांनाच मारायला टाकतो ना काका. तुम्हाला मी काय सांगू."

तुम्हाला मी काय सांगू. बापा, हे त्याने मानाने म्हटलं होतं.

मी म्हटलं, "म्हंजे बुडून मेले."

"तसंच समजा."

मग बाटल्यांना बूच लावता लावता त्याने विचारलं, "कोणी पाणी झोडपलं होतं का त्या वेळी? चुना टाकला होता? तेवढाच उपाय असतो. बांबूने झोडपलं की हवा मिसळते."

मी म्हटलं, "एक जन झोडपून राहिला होता."

"मग त्याला माहीत होतं." तो म्हणाला. "चौघं असते तर अर्धे वाचले असते."

तो गेल्यावर मी ते पोतं शोधलं. गुडीवरून परत आणून मी ते पिंपळाच्या ढोलीत कोंबलं होतं, पुढे कोर्टकचेरी झाली तर असावं म्हणून. वास अजून मोहाचाच. जुनं पोतं होतं, पहिल्या वर्षीचं. उलटं केलं तर शिवणीत पांढरी भुकटी. ओल्या बोटावर घेतली तर चरचरली. कळीचा चुना. त्या सकाळी नाकाला लावण्याऐवजी त्यात हात घातला असता, तर हातानेच मला सांगितलं असतं.

घरी आलो. बायको सुपात तांदूळ निवडून राहिली होती. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा सुपात पाहायला लागली.

"साहेब काय म्हने?"

"काही नाही. शेण जास्त झालं, म्हने."

"मले तं मांगुरानं तवाच सांगतलं होतं," ती म्हणाली. मग बराच वेळ खडे वेचत राहिली. "जाता का उद्या?"

"कुठं?"

"कुठं ते तुमाले ठाऊक हाय."

"जाईन त्याच्या घरी. माफी मांगीन. झालं?"

"त्याच्या घरी जाऊन काय कराल? नाव काय त्याच्या घरात घेतलं होतं?"

मी चिडलो. म्हटलं, ढिवराच्या पोराने केवटांच्या गावात ओट्यावर उभं राहून सांगायचं, की मला मासे कळत नाहीत? माझी चूक आहे ना, मग मी त्याच्याजवळ कबूल करीन. गावाचं काय देणं लागतो मी? ती सूप आपटून उठली.

दुसऱ्या दिवशी माझी जनरल पाळी, आठची. सहाला निघालो. त्याच्या घरासमोर सायकल लावली. तो अंगणात जाळं विणत बसला होता. ज्याला तळ्यात पाय टाकायचा नाही, तो जाळं विणत होता. मी दाराबाहेरूनच म्हटलं, "सीताराम महापरसाद."

त्याने वर पाहिलं आणि मला माझ्या नावाने हाक मारली. "ये," म्हणाला, "बस."

कामगार म्हणून, ठेकेदार म्हणून, मतदार म्हणून माझं नाव हजार लोकांनी घेतलं असेल. त्या अंगणात ते ऐकताना मला वाटलं, हा दुसऱ्याच कोणाला बोलावतो आहे.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. साहेब काय म्हणाला, पोत्यात काय निघालं, चूक माझी. तो सुई चालवत राहिला. तेव्हा मला त्याचे हात दिसले. दोन्ही तळव्यांची कातडी सोलून नवी गुलाबी आली होती, बोटांच्या बेचक्यांत अजून खपल्या होत्या. ओल्या हातांनी मुठी मुठी चुना फेकला होता त्याने. गुडीवर तो हे हात पंच्यात गुंडाळून बसला होता, आणि मी मनात म्हणत होतो, पाहा, लपवून राहिला.

आत त्याची बायको चुलीपाशी होती. भांडं वाजलं नाही, म्हणजे ऐकत होती.

मी म्हटलं, "मले माफ कर."

त्याने दात लावून दोरा तोडला. "मोर सो काबर कहत हस?" मला कशाला सांगतोस. "गुडी म कहे रहे. गुडी म कह." गुडीवर बोलला होतास, गुडीवरच बोल.

आवाज चढवला नाही. रागाचं बोलला असता तर मला सोपं गेलं असतं, मीही दोन शब्द बोललो असतो.

मी सायकल काढली. गुडी वाटेतच आहे, दुसरी वाट नाही. ओट्यावर पाच-सहा म्हातारे कोवळ्या उन्हात बसले होते. त्यात त्या दिवशीचा सरपंच, आणि तो कोंबडेवाला डोकरा. मला पाहून बोलायचे थांबले. मी ब्रेक दाबला. एक पाय जमिनीवर टेकवला, एक पायडलवर. पोतं मी सोबत आणलं होतं, कॅरियरला बांधून. खरं सांगतो, दाखवायचं म्हणूनच आणलं होतं.

सरपंच म्हणाला, "का होगे गा? कुछू कहना हे का?"

एक वाक्य होतं. विष नव्हतं, चुना होता, मासे माझ्यामुळे मेले. मोजून एवढंच. तेही त्यांच्या बोलीत मला येत होतं.

मी हातावरचं घड्याळ पाहिलं. साडेसात व्हायला आले होते. म्हटलं, "नाही. ड्युटीवर चाललो."

पायडल मारलं. नाल्याच्या पुलावर थांबून कॅरियरचं पोतं सोडलं आणि खाली टाकून दिलं. आठचा भोंगा झाला तेव्हा मी गेटाच्या आत होतो. त्या दिवशीही लेट झालो नाही.